वाळून चाललेला नातू

निवेदितानं दोन्ही अंगठे पॅन्टच्या पट्ट्यात खुपसले आणि बटण पुन्हा एकदा काजाकडे ओढलं.

"पोट आत घे बरं बाळा."

गौतमनं मन लावून पोट बाहेर काढलं. अडीच वर्षांच्या मुलाला आत आणि बाहेर यातला फरक कुठून ठाऊक असणार. रायपूरच्या पंडरी बाजारातल्या त्या दुकानात पांढऱ्या गादीवर तो पाय फाकून उभा होता आणि समोरच्या आरशातल्या मुलाकडे पाहून खूश होत होता. नागपूरला चुलत दिराचं लग्न होतं, त्यासाठी ही खरेदी चालली होती. आतापर्यंत तीन पॅन्ट घालून झाल्या होत्या, तिन्ही बेंबीच्या खाली येऊन थांबल्या होत्या.

"भाभीजी, ये तीन साल वाला है," दुकानदार म्हणाला. "पाँच का निकालता हूँ. बच्चा तगड़ा है आपका."

मागे स्टुलावर पिशवी मांडीवर धरून बसलेल्या विनोदिनीबाई एकदम सरळ झाल्या.

"कहाँ का तगड़ा? कुछ खाता नहीं जी वो. सूख गया बिचारा," आपल्या मोडक्या हिंदीत त्यांनी दुकानदाराला सुनावलं आणि मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "तो कपडाच आटला असन. पोट्टा तं वाळून चालला, याले तगडा दिसून राहिला."

दुकानदारानं पोराकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हा धंद्यातला नियम पाळून पाच वर्षांच्या मापाची पॅन्ट काढली. ती पोटाला बसली, लांबीला वीतभर जास्त झाली. विनोदिनीबाई म्हणाल्या, पाय दुमडून शिवून घेऊ, वाढतं अंग आहे. वाळणारं अंग एकाच दमात वाढतं कसं झालं, हे विचारायची निवेदिताची हिंमत झाली नाही.

घरी आल्या आल्या सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दुकानदाराचं नाव माहीत नव्हतं, म्हणून 'त्या पंडरीवाल्याची नजर' असं म्हणून भागवलं.

या घरात गौतमला कुणी कधी धष्टपुष्ट म्हटलं नव्हतं. तो 'काडी' होता, 'रोडका' होता, 'फुंकर मारली तं उडून जाईन' असा होता. सुरुवातीला निवेदिताला ही गंमत वाटायची. तिचं माहेर पुरानी बस्तीतलं, भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेलं. तिथेही पोरांना तीट लावत, पण तीट लावली की विषय संपे. इथे मात्र सकाळच्या दुधापासून रात्रीच्या वरणभातापर्यंत एकच घोषा. रोज उठून कुणी तोंडावर सांगत राहिलं की तुझं पोर वाळत चाललंय, तर चांगल्या शिकलेल्या बाईचंही डोकं फिरतं. आंघोळ घालताना ती गौतमच्या फासळ्या चाचपायची. फासळ्या लागायच्या नाहीत. मग तिला वाटायचं, आपल्यालाच चाचपता येत नसेल.

आणि अलीकडे उलटीच शंका डोकं वर काढत होती. पोरगा चालताना धापा टाकायचा. जिना चढताना दुसऱ्याच पायरीवर बसून, हात वर करून 'गोदी, गोदी' करायचा. मांड्या एकमेकींवर घासून लाल झालेल्या असायच्या. हे वाळण्याचं लक्षण असेल का? ती स्वतःलाच विचारायची आणि दोन्ही बाजूंनी उत्तर देऊन बघायची. कुठलंच पटायचं नाही.

संध्याकाळी सुशील ऑफिसातून आला. राज्य नवं होतं, राजधानी नवी होती, मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरत होतं आणि भोपाळहून पोत्यांत भरून आलेल्या फायली लावता लावता त्याला घरचं माणूस ओळखू येईनासं झालं होतं. चहाचा कप हातात देऊन निवेदितानं विचारलं,

"अहो, गौतम जाड आहे का?"

"काहून?"

"तुम्ही सांगा ना. आहे की नाही?"

समोर गौतम दिवाणाखाली गेलेला चेंडू काढायला पालथा पडला होता आणि पोट मध्ये आल्यामुळे त्याचे हात चेंडूपर्यंत पोचत नव्हते. सुशीलनं त्याच्याकडे सवयीप्रमाणे पाहिलं, म्हणजे सही कुठे करायची तेवढं पाहिल्यासारखं.

"मले तं बराबर दिसते."

"आई म्हणतात वाळला."

"आईचं काय घेऊन बसली."

"मग कुणाचं घेऊ? तुमचं घेऊ?"

त्यानं कप खाली ठेवला. आईचं काय घेऊन बसायचं नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण मग काय घ्यायचं, याचा विचार त्यानं कधी केला नव्हता.

"दाखवून दे एकदा डॉक्टरले," तो म्हणाला. "ते नवी आली ना भोपाळची, शंकरनगरात. लहान पोरांची."

विनोदिनीबाई सोबत निघाल्या. पोराला परक्या दवाखान्यात एकट्या सुनेबरोबर पाठवायला त्या काही तयार नव्हत्या. डॉक्टरीण तरुण होती, केस आखूड, बोलणं झटपट. तिनं गौतमला काट्यावर उभं केलं तेव्हा विनोदिनीबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आजवर गौतमचं वजन म्हणून त्यांनी कधी करू दिलं नव्हतं. लस टोचायला नेलं की, 'सुई द्या न सोडा, मोजमाप नका करू,' असं त्या नर्सला आधीच बजावायच्या.

"अठारा किलो," डॉक्टरीण म्हणाली. उंची मोजली, भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं, आणि ते बोट तक्त्यातल्या सगळ्या रेघांच्या वर जाऊन थांबलं. "ये तो पाँच साल के बच्चे का वजन है. खाता क्या है?"

"सब कुछ," निवेदिता म्हणाली.

"कुछ नहीं," विनोदिनीबाई म्हणाल्या.

दोघी एकदमच बोलल्या होत्या. डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं.

"आप दोनों एक ही बच्चे की बात कर रही हैं न?"

निवेदिता सांगू लागली. सकाळी बाटलीभर दूध, त्यात कुस्करलेली बिस्किटं. मग तूपभात, मग केळं, मग दुपारी पुन्हा बाटली. सांगता सांगता तिला स्वतःलाच ती यादी लांबत चाललेली ऐकू येत होती. हे सगळं तिनं रोज केलं होतं, पण एका दमात कधी म्हटलं नव्हतं.

"माँगता है या आप देती हैं?"

"माँगता है. दिन भर माँगता है. 'और, और' ही करता रहता है."

"कोई दवा चल रही है?"

"नहीं," निवेदिता म्हणाली आणि मग तिला आठवलं. "मतलब, दवा नहीं. वो भूख वाला सिरप है बस."

खोलीत पंखा फिरत होता. डॉक्टरीण खुर्चीत पुढे सरकली.

"किसने लिखा?"

गंगाधर डॉक्टरांनी लिहिलं होतं. पुरानी बस्तीतले म्हातारे डॉक्टर, मराठी बोलणारे, म्हणून विनोदिनीबाईंचा त्यांच्यावर भारी जीव. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्या एकट्याच त्यांच्याकडे जाऊन आल्या होत्या. आजारी लोकांच्या गर्दीत पोराला कशाला न्यायचं, म्हणून गौतम घरीच होता. नातू काहीच खात नाही, अंगाला लागत नाही, वाळून चालला, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं. इतक्या वर्षांची ओळख, बाई शहाणीसुरती. डॉक्टरांनी विश्वास ठेवला आणि पंधरा दिवसांसाठी भुकेचं औषध लिहून दिलं. पंधरा दिवस संपले. बाटली संपली की कोपऱ्यावरचा औषधवाला रिकामी बाटली पाहून भरलेली देत गेला, आणि निवेदिता ते औषध सकाळ-संध्याकाळ पाजत गेली.

"उन्होंने बच्चे को देखा था?" डॉक्टरणीनं विचारलं.

विनोदिनीबाई पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत होत्या. निवेदिताला मात्र सासूबाईंपेक्षा स्वतःचाच हात दिसत होता. औषधाचं झाकण खिडकीच्या उजेडात धरून, रेघेपर्यंत बरोबर भरलंय ना, एक थेंब कमी नाही ना, हे ती रोज तपासायची. एकदाही चुकवलं नव्हतं. आपण किती नेटानं करतो याचा तिला थोडा अभिमानही होता.

डॉक्टरीण रागावली नाही, त्यामुळे जास्तच लागलं. औषध बंद, बाटली बंद, बिस्किटं बंद. उपाशी ठेवायचं नाही, घरात सगळे जेवतात तेच जेवू द्यायचं, आणि पळू द्यायचं. दोन महिन्यांनी पुन्हा या, ती म्हणाली.

घरी येऊन निवेदितानं उरलेलं गुलाबी औषध मोरीत ओतलं आणि वरून बादलीभर पाणी टाकलं. मग ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. सासूबाई खाली बसून मेथी निवडत होत्या.

"आई, तुम्ही डॉक्टरांना खोटं काहून सांगितलं?"

"खोटं नाही सांगितलं."

"पोरगा काही खात नाही म्हणालात. डोळ्यांसमोर खातो तो."

"तसंच म्हणा लागते."

"पण डॉक्टरला? आई, घरात म्हणा, शेजारी म्हणा, मी कधी बोलले? पण डॉक्टरला कुणी असं सांगतं का?"

विनोदिनीबाईंनी एक जुडी संपवली, दुसरी ओढली.

"तोंडाले सवय लागली आता. समोर कोण आहे ते नाही पाहत तोंड," त्या म्हणाल्या. मग जुडीची मुळं तोडता तोडता, "शर्मिष्ठा अशीच होती."

सुशीलच्या आधी एक मुलगी झाली होती आणि ती गेली, एवढं निवेदिताला माहीत होतं. नाव आज पहिल्यांदा ऐकलं. ती तिथेच उंबऱ्याशी टेकली.

"डोंगरगडले होतो आम्ही, रेल्वेच्या क्वार्टरात. तुझे सासरे तवा लाइनीवर राहायचे. याच्याएवढीच होती. अश्शीच मांडी, मनगटाले अशाच वळ्या. तेल लावून न्हाऊ घातली न उन्हात ठेवली, तं अंग कसं चमकून राहिलं होतं. तवा म्हणणं झालं, की कशी लोण्यासारखी हाय माही पोर. बस्स. त्याच दिवशी हगवण लागली. तिसऱ्या दिवशी काही राहिलं नाही."

'माही पोर' असं शेजारीण म्हणत नाही, हे निवेदिताच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

"मायचीच नजर लागते पहिले, पोरी," विनोदिनीबाई म्हणाल्या. त्यांनी ताट उचललं आणि मेथी धुवायला नळाखाली धरली. नळाचा आवाज उगाच मोठा केला.

निवेदिताचा राग तिथेच बसून राहिला. जायला त्याला जागाच उरली नाही. ती विज्ञानाची पदवीधर होती. हगवण पाण्यानं होते, त्या काळी मीठ-साखरेचं पाणी पाजायचं कुणाला सुचत नव्हतं, शब्दानं कुणी मरत नाही. हे सगळं तिला पाठ होतं आणि खरंही होतं. तरी त्या दुपारी गौतम अंगावरचं पांघरूण लाथाडून झोपला होता, गालावर उशीची घडी उमटली होती, आणि 'काय गोड दिसतोय' असं मनात येता येता ती मध्येच थांबली. तिनं नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली. आपण हे काय केलं म्हणून तिला हसू आलं. मग तिनं मुद्दाम पुन्हा त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा कॅलेंडरकडे.

पुढचे आठवडे घराला फार जड गेले. बाटलीसाठी गौतमनं पहिले काही दिवस घर डोक्यावर घेतलं. विनोदिनीबाई चोरून बिस्किट देतील, अशी निवेदिताची खात्री होती. ती स्वयंपाकघरात जाताना मुद्दाम पावलं न वाजवता जायची. पण सासूबाईंनी दिलं नाही. पोरगा रडायला लागला की त्या बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहायच्या आणि रडणं थांबलं की आत यायच्या. संध्याकाळी त्याचं बोट धरून कॉलनीच्या मैदानात न्यायच्या. जाताना तो चालायचा, येताना कडेवर यायचा. मग हळूहळू येतानाही चालायला लागला.

औषध सुटलं तसं 'और'ही कमी झालं. ताटातला भात उरू लागला. आणि इथेच निवेदिताचं पुन्हा बिनसलं. आजवर भात उरला नव्हता. आज का उरला? काही दुखत तर नसेल? पाच वर्षांची पॅन्ट सैल होऊ लागली, गळ्याजवळची घडी दिसेनाशी झाली, तसा तिचा हात आंघोळीच्या वेळी पुन्हा फासळ्या शोधायला लागला, आणि एके दिवशी बोटांना खरंच एक फासळी लागली. ती दचकली. हेच तर हवं होतं ना आपल्याला? ती स्वतःला समजावत राहिली, समजावणं पटतही होतं, पण पाण्याचा तांब्या हातात तसाच धरलेला होता आणि गौतम 'पानी, पानी' करत होता.

आणखी एक गोष्ट तिला मागाहून जाणवली. घरात 'वाळला' हा शब्द ऐकू येणं बंद झालं होतं. विनोदिनीबाईंनी तो कधीपासून सोडला, हे तिला सांगता आलं नसतं. शेजारच्या दीदी गौतमबद्दल काही म्हणाल्या की त्या नुसत्या 'हव' म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. निवेदिताला त्या शब्दाचा इतका वैताग होता, तरी तो गेल्यावर घर उघडं पडल्यासारखं वाटायला लागलं. आता पोराला राखायला कुणी काहीच म्हणत नव्हतं.

दोन महिन्यांनी तिघं त्याला घेऊन दवाखान्यात गेले. सुशीलनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. गौतम आपणहून काट्यावर चढला आणि उतरायला तयार होईना. डॉक्टरणीनं आकडा पाहिला, उंची मोजली, तक्त्यावर बोट फिरवलं. बोट अजून वरच्या बाजूलाच होतं, पण आता रेघांच्या आत होतं.

"अरे वा," ती म्हणाली. "बहुत बढ़िया. डेढ़ किलो उतरा और कद भी बढ़ा. एकदम तंदुरुस्त बच्चा है. खाता कैसे है अब?"

निवेदिताला 'अच्छे से' म्हणायचं होतं. घरून निघतानाच तिनं ठरवलं होतं की या वेळी सगळं नीट, खरं खरं सांगायचं. तिनं तोंड उघडलं.

"कहाँ, डॉक्टर साहब," ती म्हणाली. "कुछ खाता ही नहीं. देखिए न, कैसा सूख गया है."

आपलाच आवाज तिला कुणा दुसऱ्याचा वाटला. सुशील तिच्याकडे पाहतच राहिला. डॉक्टरणीच्या कपाळावर आठी आली आणि तिनं कागद पुढे ओढला.

"भूख बिल्कुल नहीं है? कब से?"

निवेदिताला हे मागे घ्यायचं होतं. पण मागे घ्यायचं म्हणजे, 'नाही, छान खातो, तब्येत उत्तम आहे,' असं मोठ्यानं म्हणायचं, आणि ते आईनं म्हणायचं.

मागची खुर्ची सरकली. विनोदिनीबाई उठून टेबलाशी आल्या. त्यांनी पदर दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

"नहीं," त्या म्हणाल्या. "खाता है. रोटी खाता है, दाल खाता है. भाजी बी खाता है. मोटा था, अब अच्छा है." त्या थांबल्या. पुढचं बोलायला त्यांना वेळ लागला, पण बोलल्या. "बहुत अच्छा है मेरा नाती. लिखो तुम."

डॉक्टरणीनं लिहिलं.

परतताना सुशील रिक्षातून मध्येच उतरून ऑफिसला गेला. घरी आल्यावर निवेदिताला वाटलं, आता सासूबाई मीठ-मोहऱ्या काढतील. आज तिनं स्वतःच काढून दिल्या असत्या. पण त्यांनी तसं काही केलं नाही. गौतमला वरणभात भरवला, तो पेंगुळला तसा दिवाणावर निजवला, आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून शेजारी बसल्या.

निवेदितानं वाळलेले कपडे आत आणले, घड्या घातल्या, चहा केला. त्या तिथेच होत्या. हात कपाळावरून पोटावर जायचा, जरा थांबायचा आणि पुन्हा कपाळावर यायचा. चहा शेजारी निवून गेला. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं आणि विझलं. मैदानावर पोरांचा खेळ सुरू झाल्याचा आवाज येऊ लागला, तरी गौतम झोपलेला होता आणि त्याचा श्वास शांत चालला होता.

निवेदिता दिवाणाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली. तिनंही त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही आई," ती म्हणाली.

"माहीत आहे मले," विनोदिनीबाई म्हणाल्या, आणि हात तसाच राहू दिला.